वळतांना किंचाळणारी गाडी

मनुष्याला दुखलेंखुपलें म्हणजे तो तोंडानें सांगतो. जनावर मुकें असलें तरी डोळ्यांनीं व हालचालींनीं आपली व्यथा मालकाला कळवितें. यंत्राला यांपैकीं कांहींच साधत नाहीं, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी नाहीं. यंत्रहि बोलतें, मात्र त्याची भाषा म्हणजे आवाज. जात्याला टांकी लावण्याची वेळ आली कीं त्याची घरघर बदलते. शिवणयंत्राला तेल हवें असलें म्हणजे तें कुरकुरूं लागतें. पंख्याचें बेअरिंग झिजलें म्हणजे रात्रीं घरांतील साऱ्यांची झोंप मोडते. हे फरक चाणाक्ष गृहिणीला कोणी न शिकवितां कळतात. परंतु दाराबाहेर उभी असलेली मोटार ओरडूं लागली कीं हींच शहाणीं माणसें गोंधळून जातात. कोणी म्हणतो, जुनी गाडी, ती ओरडायचीच. कोणी ऐकीव सल्ल्यावरून एखादा महागडा भाग बदलून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशीं तोच आवाज पुन्हां ऐकतो. या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे आवाजाची शांतपणें उलटतपासणी करण्याचा मार्ग, प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे. उदाहरणादाखल घेतली आहे ती मालवाहू जुनी पिकअप गाडी, आणि तिची एकच तक्रार: स्टेअरिंग वळविलें कीं गाडी किंचाळते.

हें उदाहरण मनांत धरण्यास हिंगोली जिल्ह्यांतील नरसी नामदेव व त्याच्या भोंवतालचा मुलूख फार सोईचा आहे. कयाधू नदीच्या कांठचें हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला, आणि महाराष्ट्राइतकेंच पंजाबालाहि, परिचित आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचें विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हा प्रदेश हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हिंगोलीच्या बाजार समितीचें हळदीचें आवार तर संत नामदेवांच्याच नांवानें ओळखलें जातें. हळद काढावयाची, उकडावयाची, पंधरवडाभर उन्हांत वाळवावयाची, ढोलांत घालून झळाळी आणावयाची आणि पोतीं भरून बाजारांत न्यावयाची, असा तिचा क्रम. त्यांतला शेवटचा प्रवास एके काळीं बैलगाडीनें होत असे; आतां तो बहुशः पिकअप गाडीनें होतो. तीच गाडी इतर दिवसांत खत, बियाणें, कडबा, क्वचित् लग्नघरचीं भांडीं वाहते. अशा घरीं गाडी बिघडणें म्हणजे चैनीची वस्तु बंद पडणें नव्हे. भाव चांगला असलेला बाजाराचा दिवस हातचा जाणें, हा त्याचा अर्थ.

हा आवाज मोकळ्या रस्त्यावर फारसा येत नाहीं; बाजाराच्या आवारांत, गर्दींतून गाडी मागेंपुढें करून वळवितांना तो हटकून येतो. त्याचें कारण उघड आहे. गाडी धांवत असतांना चाकें वळविणें सोपें असतें, कारण टायर फिरतां फिरतां वळतो. गाडी उभी असली म्हणजे तोच टायर जमिनीवर घासत वळवावा लागतो, आणि स्टेअरिंगच्या साऱ्या यंत्रणेवर त्या क्षणीं जास्तींत जास्त भार पडतो. जो भाग अशक्त झालेला असेल तो याच क्षणीं तक्रार करतो. म्हणून ही किंचाळी ऐकूं येतांच गाडीला दोष देण्याऐवजीं, हा भार नेमका कोणाला सोसवला नाहीं, असा प्रश्न विचारावा.

किंचाळी म्हणजे काय?

दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकतांना नेहमींच सारख्या गतीनें सरकतात असें नाहीं. क्षणभर ते एकमेकांना धरतात, ताण वाढला कीं सुटतात, पुन्हां धरतात, पुन्हां सुटतात. हें धरणें आणि सोडणें एका सेकंदांत शेंकडों वेळां घडूं लागलें म्हणजे त्यांतून सूर निघतो. व्हायोलिनचा गज तारेवरून ओढतांना हेंच घडतें. गजाला राळ लावतात ती त्यानें तार नीट धरावी म्हणून. तारेच्या या हालचालीचा शास्त्रीय अभ्यास जर्मन पंडित हेल्महोल्त्झ यानें एकोणिसाव्या शतकांत केला होता. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटेचें चाक आणि वंगण आटलेल्या बैलगाडीचा आंस याच नियमानें ओरडत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत यावी. यंत्रांत कांहीं पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरण्यासाठीं असतात, कांहीं एकमेकांवरून मोकळेपणानें सरकण्यासाठीं असतात. धरावयाचे ते सुटूं लागले तरी किंचाळी उठते, आणि सरकावयाचे ते अडूं लागले तरी किंचाळीच उठते. कानाला दोन्ही आवाज जवळजवळ सारखे वाटतात. उपाय मात्र अगदीं उलट आहेत. इंजिनवरच्या पट्ट्याला पकड हवी; चाकाजवळच्या सांध्याला वंगण हवें. ओरडणाऱ्या पट्ट्यावर तेल टाकणें म्हणजे घसरणाऱ्या माणसाच्या पायाखालीं तेल ओतणें होय. आवाज घटकाभर थांबतो आणि पट्टा कायमचा वायां जातो. उलटपक्षीं, कोरड्या पडलेल्या सांध्याकडे दुर्लक्ष करून नवा पट्टा बसविला, तर पैसे गेले आणि रोग तसाच राहिला. म्हणून औषधापूर्वीं निदान, हा वैद्यकांतील नियम येथेंहि तितकाच खरा आहे.

स्टेअरिंगचा आणि पट्ट्याचा संबंध

गाडी वळविण्याचा आणि इंजिनवरच्या रबरी पट्ट्याचा संबंध काय, असें वाचकांना वाटेल. फार जुन्या गाड्यांत तो नव्हताच. चालकाच्या दंडाचें बळ हेंच तेथें सर्वस्व होतें. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्यानें तेलाच्या दाबानें स्टेअरिंगला साह्य करणारी योजना १९२६ सालीं एका मोटारीवर बसवून दाखविली. तथापि ती विक्रीच्या मोटारींत येण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें ती आपल्या इंपीरियल गाडींत दिली. पुढें ती मालवाहू गाड्यांतहि आली, आणि तिलाच आपण पॉवर स्टेअरिंग म्हणतों.

तिचें काम समजण्यास कठीण नाहीं. इंजिन फिरतें, त्याच्या पुलीवरचा पट्टा एक लहान पंप फिरवितो, पंप तेलाला दाब देतो, आणि तो दाब चालकाच्या हाताला मदत करतो. स्टेअरिंग सरळ असतां पंपाला फारसे श्रम नसतात. तें एका बाजूस अगदीं टोंकापर्यंत नेलें म्हणजे तेलाला पुढें जावयास वाट उरत नाहीं, आणि दाब दर चौरस इंचास हजार पौंडांच्याहि वर जातो. फाजील दाब सोडून देण्यास एक झडप असते. ती उघडली म्हणजे "सूं" असा आवाज येतो. तो आवाज रोगाचा नव्हे. परंतु याच वेळीं पंप फिरविण्यास जड होतो, आणि पट्टा सैल अथवा गुळगुळीत झालेला असेल तर तो पुलीवरून घसरूं लागतो. मग तीव्र किंचाळी उठते. टोंकाला नेऊन स्टेअरिंग तसेंच दाबून धरण्याची संवय पुष्कळ चालकांना असते. ती पंपाला व पट्ट्याला दोघांनाहि घातक आहे. टोंक गांठलें कीं हात किंचित् सैल सोडावा.

चार प्रश्न

पॅरिसमधील डॉक्टर लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची नळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. त्यानें नवें औषध शोधलें नव्हतें. कोणत्या आवाजाचा कोणत्या विकाराशीं संबंध आहे हें नीट ऐकून लिहून ठेवलें, हेंच त्याचें मोठें काम. गाडीच्या बाबतींतहि ऐकण्याची एक रीत आहे. पुढील चार प्रश्न क्रमानें विचारले तर बहुतेक वेळां रोगाची जागा सांपडते, आणि त्यासाठीं एकहि भाग उघडावा लागत नाहीं.

पहिला प्रश्न: इंजिन बंद असतांना आवाज येतो काय? किल्ली फिरवून स्टेअरिंगचें कुलूप मोकळें करावें, इंजिन सुरू करूं नये, आणि स्टेअरिंग थोडें थोडें दोन्ही बाजूंस हलवावें. तें जड लागेल, लागूं द्यावें. आवाज आला, तर पट्टा व पंप निर्दोष ठरले, कारण ते या वेळीं निद्रिस्त आहेत. दोष सांध्यांत, बुशांत अथवा स्टेअरिंगच्या दांड्यांत आहे.

दुसरा प्रश्न: इंजिन चालू आणि गाडी उभी, अशा स्थितींत आवाज येतो काय? पहिल्या परीक्षेंत आला नाहीं आणि येथें आला, तर संशय पट्टा, पुली, पंप व तेल या चौघांवर येतो.

तिसरा प्रश्न: आवाज वळणाच्या कोणत्या भागांत येतो? केवळ टोंकाला येत असेल तर पट्टा घसरत आहे, असें मानण्यास सबळ कारण आहे. वळविण्यास आरंभ करतांच येऊन शेवटपर्यंत टिकत असेल, आणि किंचाळीपेक्षां तो कण्हण्यासारखा असेल, तर तेल कमी झालें आहे काय हें पहावें.

चौथा प्रश्न: केवळ गाडी चालू असतां, वळणावरच येतो काय? तसें असेल तर स्टेअरिंग कदाचित् निर्दोष आहे, आणि चाकाचें बेअरिंग, ब्रेक किंवा टायर यांची चौकशी करावी लागेल. ब्रेकवर हलका पाय ठेवतांच आवाज बदलला किंवा थांबला, तर तो ब्रेकचा.

पट्ट्याची परीक्षा

इंजिन बंद करून, तें निवाल्यावर, बॉनेट उघडावें आणि पट्टा दिव्याच्या उजेडांत पहावा. पुलीला टेंकणारी त्याची बाजू आरशासारखी चकचकीत दिसत असेल, तर ती पकड गमावून बसली आहे. आडव्या भेगा, सुटलेले धागे, तुटलेले दाते, तेलाचे डाग हीं सारीं पट्टा बदलण्याचीं लक्षणें होत. उन्हाळ्यांत कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ पट्टा व पुली यांच्यामध्यें सांपडून त्याची कड घासते; पावसाळ्यांत पहिल्याच सकाळीं ओला पट्टा ओरडतो आणि थोड्या वेळानें वाळून गप्प बसतो. केवळ दमट सकाळीं क्षणभर येणारा आवाज फार मनावर घेऊं नये. दिवस वर आल्यावरहि टिकणारा आवाज घ्यावा.

ताण पाहण्यासाठीं दोन पुलींमधला सर्वांत लांब भाग अंगठ्यानें मध्यावर दाबावा. साध्या पट्ट्याच्या जुन्या गाड्यांत तो साधारण अर्धा इंच दबावा; गाडीच्या पुस्तकांत निराळें माप दिलें असेल तर तेंच प्रमाण मानावें. सैल असेल तर ताणावा, परंतु बेतानें. वीणेची तार खुंटी पिळून चढवावी तसा पट्टा चढवीत गेल्यास आवाज थांबतो खरा, पण पंपाचें व पाण्याच्या पंपाचें बेअरिंग त्या ताणानें लौकर झिजतें. नवा पट्टा बसविल्यावर तो कांहीं दिवसांत थोडा सैलावतो, म्हणून त्याचा ताण पुन्हां एकदां पहावा लागतो. ही गोष्ट बहुधा विसरली जाते, आणि नवा पट्टाहि ओरडतो अशी तक्रार ऐकूं येते.

पाण्याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून, दुरून, पट्ट्याच्या आंतल्या बाजूवर पाण्याचे दोनचार थेंब शिंपडावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे असें समजावें. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला, तर पुल्या एका रेषेंत नाहींत किंवा पट्ट्याची कड बिघडली आहे असा तर्क करावा. ही परीक्षा करणाराच्या अंगावर लोंबतें उपरणें, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही अथवा मोकळे केंस नसावे, आणि हात फिरत्या भागांपासून दूर असावा. पट्टा फिरत असतांना त्यावर साबण, मेण किंवा तेल लावण्याचे जे घरगुती उपाय सांगतात ते कटाक्षानें टाळावे.

तेलाची परीक्षा

पॉवर स्टेअरिंगचें तेल एका लहान डब्यांत असतें व त्यावर खूण केलेली असते. पातळी खुणेच्या खालीं असेल तर तेल गेलें कोठें, हा खरा प्रश्न. कारण तें जळून संपणारें तेल नव्हे. नळीचा सांधा, पंपाचें सील, किंवा स्टेअरिंगच्या पेटीचें सील कोठेंतरी झिरपत असलें पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहील तेथें जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं डागाची जागा गळतीची जागा दाखविते. तेलावर फेंस दिसत असेल तर आंत हवा शिरली आहे, आणि हवा मिसळलेलें तेल पंपांत गेलें कीं तो कण्हतो. अशा स्थितींत गाडी रोज हाकणें म्हणजे थोड्या तेलाच्या किंमतीसाठीं साऱ्या पंपाचा बळी देणें होय. तेल घालावयाचें तें गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच. ब्रेकचें तेल त्यांत कधींहि घालूं नये; तें सीलांचें रबर बिघडवितें.

सांध्यांची परीक्षा

इंजिन बंद असतांहि आवाज येत असेल तर चाकांकडे जावें. कांहीं पिकअप गाड्यांत पुढचें चाक किंगपिनवर वळतें, कांहींत बॉल जॉइंटवर. दोहोंचेंहि जीवन ग्रीसवर अवलंबून आहे. बॉल जॉइंटवर रबरी आवरण असतें. तें फाटलें कीं ग्रीस बाहेर येतें आणि पाणी व माती आंत जाते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींतून पावसाळ्यांत जाणाऱ्या गाडीच्या सांध्यांत तो चिकण चिखल शिरतो, हिवाळ्यांत आंतल्या आंत सुकतो, आणि हळदीच्या हंगामांत गाडीला भार पडूं लागला कीं सांधा कुरकुरूं लागतो. रोग आषाढांत जडलेला असतो. तक्रार मात्र फाल्गुनांत ऐकूं येते.

येथें एक माणूस स्टेअरिंगपाशीं बसवावा व त्यास तें सावकाश हलवावयास सांगावें. दुसऱ्यानें इंजिन बंद आहे व हातब्रेक ओढलेला आहे याची खात्री करून, बाहेरूनच, एकेका सांध्यावर बोट ठेवावें. जो सांधा ओरडत असेल त्याची थरथर बोटाला स्पष्ट कळते. कान फसतो, कारण लोखंडांतून आवाज दूरवर जातो; बोट सहसा फसत नाहीं. ग्रीस भरण्याची तोटी असेल तर जुनें काळें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें भरावें. तोटी नसेल, अथवा सांध्यांत हालचाल जाणवत असेल, तर तो बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. भक्कम घोडीचा आधार व चाकांना दगड लावल्याखेरीज तें काम करूं नये.

कधीं कधीं किंचाळी चालकाच्या पायाशींच असते. स्टेअरिंगचा दांडा जेथें गाडीच्या भिंतींतून खालीं जातो तेथें रबराचें आवरण असतें. तें वाळलें कीं दांड्याला घासून चुंचुं करतें. हा दोष निरुपद्रवी आहे. परंतु मोठ्या दोषाचा आवाज बऱ्याचदां अशाच किरकोळ दोषाच्या नांवावर खपविला जातो, म्हणून चारी प्रश्न विचारून झाल्यावरच या निर्णयास यावें.

कोणता आवाज थांबवून ठेवतो?

या साऱ्या दोषांत तारतम्य आहे. पट्टा तुटला तर काय होतें? स्टेअरिंग निकामी होत नाहीं, कारण चालकाच्या हातापासून चाकापर्यंत लोखंडी सांखळी अभंग असते. परंतु तें एकाएकीं दगडासारखें जड होतें. ऐन वळणावर, पोतीं भरलेली गाडी पुलाकडे उतरत असतां, या अनपेक्षित जडपणानें चालक गांगरतो आणि गाडी रस्ता सोडते. अशा वेळीं दोन्ही हातांनीं स्टेअरिंग घट्ट धरावें, वेग कमी करावा आणि गाडी बाजूस घ्यावी. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप व वीज निर्माण करणारें यंत्रहि फिरवितो. तेथें बॅटरीचा तांबडा दिवा लागतो व उष्णतेचा कांटा चढूं लागतो. "आतां गांव जवळच आहे" असें म्हणून तशीच गाडी दामटणाराला पट्ट्याऐवजीं इंजिनचा खर्च सोसावा लागतो.

सांध्याचें प्रकरण याहून गंभीर. अतिशय झिजलेला बॉल जॉइंट निसटला, तर चाक आडवें पडतें आणि मग कौशल्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. म्हणून किंचाळीबरोबर स्टेअरिंग लटपटणें, खडखड होणें, गाडी एका बाजूस ओढणें यांपैकीं कांहींहि असेल, तर ती गाडी दुरुस्तीपूर्वीं रस्त्यावर आणूं नये. यांतच एक लोकोपयोगी गोष्ट सांगणें अवश्य आहे. आषाढीनंतर परतवारीच्या एकादशीला नरसीला मोठी यात्रा भरते, आणि अशा दिवशीं मालगाडीच्या पाठीमागें बायकामुलांस बसवून नेण्याचा मोह अनेकांना होतो. मालवाहू गाडींतून प्रवासी नेणें कायद्यानें निषिद्ध आहे. आणि ज्या गाडीचा सांधा ओरडतो आहे तिच्यांत तर तो निव्वळ जिवाशीं खेळ आहे. पोतें उलटलें तर नुकसान भरून येतें. माणसाचें तसें नाहीं.

मिस्त्रीशीं कसें बोलावें?

घरच्या घरीं दुरुस्ती करणें प्रत्येकास जमेल असें नाहीं, आणि जमलेंच पाहिजे असेंहि नाहीं. जमावयास हवें तें सांगणें. गॅरेजांत नेहमीं घडणारा संवाद असा असतो:

"मिस्त्रीभाऊ, गाडी लई ओरडायलीय बघा."

"कधीं ओरडते, दादा?"

"कधीं म्हंजे... ओरडतेच की."

एवढ्या माहितीवर मिस्त्रीनें काय करावें? तो बिचारा अनुमानानें पट्टा बदलतो, नाहीं जमलें तर पंप बदलतो, तेवढ्यानेंहि न भागलें तर पेटी उघडतो; आणि प्रत्येक पायरीचे पैसे मालकाच्या खिशांतून जातात. पट्टा हा या साऱ्यांत स्वस्त भाग आहे आणि पंप पुष्कळच महाग. तेव्हां निदानाच्या चुकीची किंमत किती, हें निराळें सांगावयास नको. याउलट, "इंजिन बंद असतां आवाज नाहीं, चालू केल्यावर उभ्या गाडींत उजव्या टोंकाला येतो, पाणी शिंपडलें तर वाढतो," असें तीन वाक्यांत सांगणारा मालक मिस्त्रीचें अर्धें काम करूनच आलेला असतो. चांगल्या मिस्त्रीला असें गिऱ्हाईक आवडतें, आणि अप्रामाणिक मिस्त्री असल्यास तो अशा गिऱ्हाइकाच्या वाटेस जात नाहीं.

या कामीं आपल्या मायबोलीचें साह्य मोठें आहे. किंचाळणें, कुरकुरणें, गुरगुरणें, कण्हणें, खडखडणें, टकटकणें, सूंसूं करणें, चुंचुं करणें, हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं कधीं वापरीत नाहीं; प्रत्येकाची जात निराळी. किंचाळी बहुधा पट्ट्याची, कुरकुर सांध्याची, कण्हणें तेलाचें, गुरगुर बेअरिंगची, टकटक ढिल्या सांध्याची. हे अंदाज आहेत, निर्णय नव्हेत. पण योग्य शब्द वापरला कीं तपासाला योग्य दिशा मिळते. शक्य असल्यास गाडींत एक लहान वही ठेवावी. आवाज प्रथम कधीं आला, कोणत्या स्थितींत आला, पट्टा कधीं बदलला, ग्रीस कधीं भरलें, तेल किती घातलें, एवढ्या नोंदी तारखांसह असल्या तर पुढील वर्षीं तोच प्रश्न पुन्हां पहिल्यापासून सोडवावा लागत नाहीं. घरखर्चाची वही नेटकी ठेवणाऱ्या गृहिणीनें हें काम हातीं घेतल्यास तें उत्तम होईल, कारण चालक रोजच्या आवाजाला सरावतो. अधूनमधून गाडींत बसणाराच्या कानाला फरक आधीं कळतो.

तात्पर्य इतकेंच कीं, ओरडणारी गाडी ही मालकाला वेळीं सावध करणारी गाडी आहे. तिला पकड हवी आहे कीं वंगण, एवढें ओळखण्यापुरता अर्धा तास काढावा. हंगाम सुरू होण्यापूर्वीं, खळ्यावर हळद वाळत असतांच हा अर्धा तास काढला, तर बाजाराच्या दिवशीं पोतीं भरलेली गाडी वाटेंत उभी राहणार नाहीं, आणि ती हाकणारा घरचा मुलगा दिवेलागणीला सुखरूप परत येईल.